विश्लेषण : सी ड्राइव्ह भरला, डी रिकामा… प्रोग्राम डी वर टाकले तर फॉरमॅटमधून वाचतात का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. पूर्व विदर्भात याच सुमारास हलका धान कापणीला येतो आणि पाठोपाठ खरेदी केंद्रांवर शेतकऱ्यांच्या ऑनलाइन नोंदणीची गडबड सुरू होते. गोंदिया जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांपासून राइस मिलच्या कार्यालयापर्यंत कुठेही जुना संगणक कुरकुरला, की दुरुस्तीवाल्याचे उत्तर ठरलेले असते, "फॉरमॅट मारावा लागेल." त्यावर मालकाचेही उत्तर ठरलेले, "मारा, पण डी ला हात लावू नका. सगळे डी मध्येच आहे."

या 'सगळे' मध्ये फाइल्स असतील तर मालकाचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण त्यात टॅली, मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे प्रोग्रामही धरलेले असतील, तर दुसऱ्या दिवशी काम ठप्प होणार. वर्षानुवर्षे चालत आलेला 'प्रोग्राम डी मध्ये टाका' हा सल्ला नेमका कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसतो, ते समजून घेऊ.

हा प्रश्न आत्ताच का आला?

विंडोजची आवृत्ती निवृत्त होण्याची ही पहिली वेळ नाही. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आणि १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा आधार संपला. प्रत्येक वेळी दुकानांत फॉरमॅटची लाट आली. यंदा मात्र अडचण दुहेरी आहे.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते आणि ती पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधी घेतलेला संगणक चांगला चालत असला, तरी अधिकृतपणे ११ वर जात नाही.

दुसरी अडचण पैशांची. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी चिप्स प्रचंड प्रमाणात लागत असल्याने २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या बड्या मेमरी उत्पादक कंपनीने 'क्रुशियल' या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे 'नवीन घेऊन टाका' हे उत्तर सगळ्यांना परवडणारे नाही. आहे त्याच मशीनमध्ये, आहे त्याच जागेत भागवायचे, तर सी आणि डी चा हिशेब नीट लावावा लागतो.

सी आणि डी म्हणजे नेमके काय?

ही नावे फ्लॉपीच्या काळातली आहेत. १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला तेव्हा ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपी ड्राइव्हना होती. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिला पुढचे अक्षर मिळाले, सी. फ्लॉपी गेली, अक्षर मात्र राहिले. आजही विंडोज बहुतेक वेळा सी मध्येच बसते.

डी बद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. डी म्हणजे दुसरी डिस्क असेलच असे नाही. अनेक संगणकांमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग पाडलेले असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. हे एका खोलीत मधे पडदा लावण्यासारखे आहे. अलीकडे छप्पर कोसळले, की पलीकडचेही सामान दबणार.

काही संगणकांत मात्र डी खरोखर वेगळा असतो. जुना पीसी वेगवान व्हावा म्हणून दुकानदार १२८ किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवतो, तिच्यावर विंडोज टाकतो आणि आधीची ५०० जीबी किंवा १ टीबीची हार्ड डिस्क डी म्हणून ठेवतो. 'सी भरला, डी रिकामा' ही तक्रार सर्वाधिक इथेच येते.

तुमच्याकडे काय आहे, हे टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' मध्ये पाहता येते. डिस्क ० आणि डिस्क १ अशा दोन नोंदी दिसल्या तर डिस्क दोन आहेत. एकच नोंद असेल आणि तिच्यापुढे सी, डी दोन्ही अक्षरे असतील, तर तो पडदाच आहे.

प्रोग्राम डी वर टाकता येतो का?

बऱ्याचदा येतो. इन्स्टॉल करताना 'कस्टम' किंवा 'ब्राउझ' चा पर्याय दिसतो, तिथे डी निवडायचा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या अ‍ॅप्ससाठी सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज' विभागात नवीन अ‍ॅप्स कुठे ठेवायची, तेही ठरवता येते. मोठे गेम्स डी वर टाकणे तर सोयीचेच.

पण सगळे प्रोग्राम विचारत नाहीत. गुगल क्रोम आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या अलीकडच्या आवृत्त्या थेट सी मध्येच बसतात. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे मशीन, डिजिटल सहीचे टोकन यांचे ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच जातात. त्यांना दुसरी जागा नाही.

यावर इंटरनेटवर एक 'जुगाड' फिरतो. रजिस्ट्रीत बदल करून 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डरचाच पत्ता डी वर न्यायचा. मायक्रोसॉफ्ट याला पाठिंबा देत नाही, कारण पुढे अपडेट अडकू शकतात. सी मधला प्रोग्रामचा फोल्डर उचलून डी मध्ये पेस्ट करणे हा तर त्याहून वाईट उपाय. बहुतेक वेळा तो प्रोग्राम उघडणेच बंद होते.

मग फॉरमॅटनंतर डी वरचा प्रोग्राम का चालत नाही?

याचे उत्तर सातबाऱ्यात आहे. धानाची बांधी गावात असते, पण ती कोणाची, किती, कुठल्या गटातली याची नोंद महसूल दप्तरात असते. दप्तरच जळाले तर बांधी जागेवरच राहील, पण तिच्यावर कर्ज मिळणार नाही, विक्री होणार नाही आणि हक्कही सांगता येणार नाही.

प्रोग्रामचे असेच आहे. तो डी वर टाकला तरी त्याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत होते आणि रजिस्ट्री सी मध्ये असते. त्याच्या सेटिंग्ज 'अ‍ॅपडेटा' आणि 'प्रोग्रामडेटा' या फोल्डरमध्ये जातात, तेही सी मध्येच. त्याला लागणाऱ्या सामाईक फाइल्स विंडोजच्या सिस्टम फोल्डरमध्ये असतात. अनेकदा परवान्याची नोंदही तिथेच असते. सी फॉरमॅट झाला की हे सगळे दप्तर जाते. डी मधला फोल्डर दिसतो, त्याचा आकारही तेवढाच दिसतो, पण डबल क्लिक केल्यावर एरर येते.

थोडक्यात, प्रोग्राम डी वर टाकल्याने सी मधली काही जागा वाचते, पण फॉरमॅटनंतर तो पुन्हा इन्स्टॉल करावाच लागतो. याला अपवाद दोन. 'पोर्टेबल' प्रकारचे प्रोग्राम रजिस्ट्रीवर अवलंबून नसतात, ते पेन ड्राइव्हवरूनही चालतात. दुसरा अपवाद स्टीमवरच्या गेम्सचा. नव्या विंडोजवर स्टीम टाकून त्याला डी मधला जुना फोल्डर दाखवला, की सहसा गेम पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही.

वेगाचाही मुद्दा आहे. साधी एसएसडी सेकंदाला साधारण ५०० एमबी वाचते, तर फिरती हार्ड डिस्क १०० ते १५० एमबीच्या आसपास. सी एसएसडी आणि डी हार्ड डिस्क असेल, तर रोजचा प्रोग्राम डी वर टाकणे म्हणजे एसएसडीसाठी मोजलेले पैसे वाया घालवणे.

सी भरतो तो नेमका कशाने?

अनेकांना वाटते प्रोग्रामने. प्रत्यक्षात बऱ्याच संगणकांत खरे ओझे तीन फोल्डरांचे असते. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स. हे तिन्ही मुळात सी मध्ये असतात. 'मी तर डेस्कटॉपवर ठेवले होते' असे फॉरमॅटनंतर म्हणणाऱ्याला हेच माहीत नसते, की डेस्कटॉप म्हणजे सी मधलाच एक फोल्डर. स्क्रीनवर समोर दिसते म्हणून ते वेगळे नसते.

सेवा केंद्राचे उदाहरण घ्या. दहावी-बारावीच्या निकालानंतर उत्पन्न, रहिवासी, जात, नॉन-क्रिमीलेअर अशा दाखल्यांसाठी रांग लागते. कागद व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, स्कॅन होतात, पोर्टलच्या मर्यादेत बसावेत म्हणून छोटे केले जातात. एका माणसाच्या एका अर्जामागे पाच-सहा फाइल्स तयार होतात आणि जवळपास सगळ्या डाउनलोड्समध्ये साचतात. त्यात आधारच्या प्रती, बँक पासबुक, सातबारे असतात. ते सी ला भार आहेतच, शिवाय दुसऱ्याच्या खासगी कागदपत्रांचा तो उघडा ढीग आहे. काम झाल्यावर तो पुसणे हाच जागेचा आणि सुरक्षेचाही उपाय.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओत वेगळी गोष्ट. तिथे मूळ चित्रीकरण डी मध्ये असते, तरी सी भरतो. कारण प्रीमियर प्रो सारखा प्रोग्राम कामासाठी लागणारी 'मीडिया कॅश' मुळात सी मध्ये साठवतो. सेटिंग्जमध्ये तिची जागा बदलता येते. फोटोशॉपचीही 'स्क्रॅच डिस्क' बदलता येते. प्रोग्राम हलवण्यापेक्षा या एका बदलाने अनेक जीबी मोकळे होतात.

शिवाय विंडोजचे मोठे अपडेट झाले, की 'विंडोज ओल्ड' नावाचा जाडजूड फोल्डर मागे राहतो. तो साधारण १० दिवसांनी आपोआप जातो. डिस्क क्लीनअपमधून आधीही काढता येतो, पण मग जुन्या आवृत्तीवर परत जाता येत नाही.

फॉरमॅटनंतर कोणाचे काय अडते?

१ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा आठ तालुक्यांचा आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हे तालुके जिल्ह्याच्या कडेला आहेत. गावातले एकच केंद्र दोन दिवस बंद राहिले, तर त्याची किंमत केंद्रचालकाबरोबर दाखल्यासाठी आलेल्या माणसालाही मोजावी लागते. त्याची मजुरी बुडते आणि अर्जाची मुदतही जाऊ शकते.

केंद्रात सर्वाधिक अडते ते ड्रायव्हरपाशी. डिजिटल सहीची किल्ली यूएसबी टोकनमध्येच असते, त्यामुळे ती फॉरमॅटने जात नाही. पण टोकन ओळखणारा ड्रायव्हर जातो. अंगठ्याच्या मशीनचीही सेवा पुन्हा बसवावी लागते.

पत्रिका, बॅनर, फ्लेक्स करणाऱ्या डीटीपीवाल्यांचे दुखणे फॉन्टचे. हा जिल्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आणि छत्तीसगडला लागून असल्याने काम मराठी आणि हिंदी दोन्हींत चालते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, हिंदीसाठी कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांच्या फाइल्स असतात. फाइल डी मध्ये सुरक्षित असते, फॉन्ट मात्र सी मधल्या विंडोजच्या फोल्डरमध्ये. फॉरमॅटनंतर तीच लग्नपत्रिका उघडली की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट गेलेला असतो. तो परत टाकला की मजकूर परत येतो. नवे काम युनिकोडमध्ये केले तर हा प्रश्न उरत नाही.

राइस मिल आणि किराणा-ठोक दुकानांत टॅली असते. टॅली पुन्हा टाकता येते, परवाना पुन्हा सुरू करता येतो, पण खात्यांचा डेटा सी मध्ये राहिला असेल तर वर्षाचा हिशेब जातो. टॅलीत डेटा कुठे ठेवायचा याचा मार्ग बदलता येतो. तो डी वर आहे की सी वर, हे आजच पाहून घेतलेले बरे.

डी मध्ये ठेवले म्हणजे सुरक्षित झाले का?

नाही. डी ही साठवण्याची जागा झाली, ती बॅकअप होत नाही. डिस्क जळाली की तिच्यावरचे सगळे पार्टिशन एकत्र जातात. पावसाळ्यात वीज कोसळून किंवा दाब कमी-जास्त होऊन सीपीयू उडाला, तर आत दोन डिस्क असल्या तरी दोन्ही जाऊ शकतात. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' सारखे खंडणीखोर व्हायरस तर सी-डी असा भेद करतच नाहीत, जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल्स कुलूपबंद करतात.

त्यात एक नवी अडचण आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन केले, की अनेक संगणकांत एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते. हे कुलूप सी बरोबर आतल्या इतर ड्राइव्हनाही लागू शकते. पुढच्या वेळी सी फॉरमॅट केला, तर डी शाबूत राहील, पण उघडताना ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खाते दुरुस्तीवाल्याच्या ईमेलवर उघडलेले असेल किंवा पासवर्ड कोणाला आठवत नसेल, तर डी मधला डेटा असून नसल्यासारखा. म्हणून खाते स्वतःच्या ईमेलवरच हवे आणि की कागदावर लिहून ठेवलेली हवी.

फॉरमॅट करण्याआधी काय करावे?

१. फॉरमॅट खरेच लागतो का, ते विचारा. संगणक विंडोज ११ साठी पात्र असेल तर १० वरून थेट अपग्रेड होते आणि त्यात फाइल्स व प्रोग्राम दोन्ही जागेवर राहतात. पात्रता 'पीसी हेल्थ चेक' या मायक्रोसॉफ्टच्या मोफत अ‍ॅपमध्ये कळते. अपग्रेडआधी सी मध्ये २०-२५ जीबी मोकळे ठेवा.

२. संगणक पात्र नसेल तर वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ मिळते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर पैसे पडत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो.

३. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स डी वर न्या. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. आधी डी मध्ये प्रत्येकासाठी वेगळा फोल्डर करा, थेट डी चे मूळ देऊ नका.

४. प्रोग्रामच्या फोल्डरऐवजी त्यांच्या सेटअप फाइल्स डी मध्ये जपा. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे मशीन आणि टोकनचे ड्रायव्हर, फॉन्ट, परवान्यांचे क्रमांक एका फोल्डरमध्ये ठेवा. काम पुन्हा सुरू व्हायला दोन दिवस लागणार की दोन तास, हे याच फोल्डरवर ठरते.

५. महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत संगणकाबाहेर ठेवा. बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेतली की ती काढून कपाटात ठेवा. सतत जोडलेली डिस्क व्हायरसलाही सापडते आणि विजेलाही.

६. फॉरमॅट करताना शक्य असेल तर शेजारी उभे राहा. विंडोज टाकताना पार्टिशनची यादी येते. तिथे चुकून डी डिलीट झाला, तर वर्षांची मेहनत एका क्लिकमध्ये जाते.

मग प्रोग्राम डी वर टाकायचेच नाहीत का?

टाकायचे, पण कारण ओळखून. सी लहान एसएसडी असेल आणि गेम किंवा क्वचित लागणारा मोठा प्रोग्राम असेल, तर डी योग्यच. एकाच डिस्कचे दोन भाग असतील, तर प्रोग्राम डी वर टाकून वेग वाढत नाही आणि सुरक्षाही मिळत नाही. उलट, सी ला सुरुवातीलाच जास्त जागा द्यायला हवी होती, इतकेच सिद्ध होते.

मोबाइलवर हे आपण नकळत पाळतोच. मेमरी कार्डवर फोटो-व्हिडिओ टाकतो, अ‍ॅप्स फोनमध्ये राहू देतो. फोन बदलला की कार्ड काढून नव्या फोनमध्ये घालतो आणि अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून पुन्हा घेतो. लिनक्समध्येही प्रोग्राम सिस्टमसोबत राहतात आणि वापरणाऱ्याच्या फाइल्स 'होम' मध्ये, ज्याचे वेगळे पार्टिशन करता येते. यामागचे तत्त्व एकच. प्रोग्राम पुन्हा मिळतो, फाइल पुन्हा मिळत नाही.

म्हणून दुकानदाराला "डी ला हात लावू नका" सांगण्याआधी एकदा डी उघडून पाहा. त्यात प्रोग्रामचे फोल्डर आहेत, की तुमचे कागद आणि हिशेब? कागद अजून डेस्कटॉपवरच असतील, तर आधी ते हलवा. विंडोज १० ची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ ला संपेल, तेव्हा खरिपाचा धान पुन्हा कापणीला आलेला असेल आणि केंद्रांवर पुन्हा रांगा लागतील. हे काम त्याआधीच्या एखाद्या निवांत दुपारी उरकण्यासारखे आहे.